मायच्या हातच्या गोधड्या

कार्तिक लागला की आमच्या भंडारा जिल्ह्यात दोन कामे बरोबरीने सुरू होतात. बांध्यांमध्ये हलक्या धानाची कापणी लागते आणि घरोघरी पेटीतल्या गोधड्या उन्हात पडतात. याच दिवसांत भिक्खूंचा वर्षावास संपलेला असतो आणि विहाराविहारांतून कठिन चीवरदानाचे कार्यक्रम होतात. यंदा आमच्या गावच्या विहारात चीवरदान होते. त्या निमित्ताने चार दिवस माहेरी जायचा योग आला.

एस.टी.तून उतरून घराच्या वळणावर आले आणि थबकलेच. अंगणातली दोरी, काट्याचे कुंपण, उभी करून ठेवलेली बंडी, जिथे म्हणून जागा मिळेल तिथे मायने गोधड्या टाकलेल्या होत्या. लाल, हिरव्या, जांभळ्या, विटक्या पांढऱ्या. मी मोजल्या. अकरा भरल्या. माय ओसरीत बसून बाराव्या गोधडीचा उसवलेला कोपरा शिवत होती. वय पंच्याहत्तरीच्या पुढे गेले आहे. डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे. तरी सुई हातातून सुटत नाही.

"जयभीम, माय."

"जयभीम. आलीस का वं? आंधी पाय धुऊन घे."

"इतक्या साऱ्या काहून काढल्या?"

"म्या कुठं काढल्या? निघाल्या," एवढेच ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

त्या "निघाल्या" शब्दाचा अर्थ रात्री जेवताना कळला. भावाने दोन वर्षांपूर्वी पक्के घर बांधले. आता घरात दिवाण आहेत, गाद्या आहेत, प्रत्येकाला वेगळे ब्लँकेट आहे. गोधड्यांची मोठी पेटी ठेवायला नव्या घरात जागा नाही. म्हणून वहिनीने ठरवले होते की, धुऊन वाळवून दोन गोधड्या ठेवायच्या आणि बाकीच्या बोहारणीला देऊन एखादे स्टीलचे पातेले घ्यायचे. मायने होही म्हटले नव्हते, नाहीही म्हटले नव्हते.

मी जरा तावातच बोलले, "अगं, मायच्या हातच्या आहेत त्या! पातेल्यासाठी देतेस?"

वहिनी अंगणवाडीत सेविका आहे. शिकलेली आहे, विहाराच्या महिला मंडळाचे काम करते. ती चिडली नाही, शांतपणे म्हणाली, "ताई, तुम्ही चार दिवस येता आणि कौतुक करता. मी या गोधड्यांतच वाढले. चार भावंडांत दोन गोधड्या होत्या. कोणी मोठा माणूस घरी येणार म्हटला की आई त्या आतल्या खोलीत लपवून ठेवायची. शाळेत पोरी म्हणायच्या, हिच्या अंगाले कथरीचा वास येते. बाबासाहेबांनी आपल्याला चिंध्यांतून बाहेर काढलं ना? मग आता चिंध्या जपून ठेवायच्या कशासाठी?"

मला त्या रात्री उत्तर देता आले नाही. कारण मलाही माझे जुने दिवस आठवले. नागपूरला वसतिगृहात शिकायला गेले तेव्हा मायने एक गोधडी बांधून दिली होती. मी ती अंथरायची आणि कोणाला दिसू नये म्हणून वरून बाजारातली चादर घालायची. तीन वर्षे मी मायचे काम चादरीखाली झाकून ठेवले. मग वहिनीला बोलण्याचा मला काय अधिकार?

टाक्यांचा हिशेब

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मायजवळ बसले आणि एकेका गोधडीचा इतिहास विचारू लागले. इतकी वर्षे त्या अंगावर घेतल्या, पण हे कधी विचारले नव्हते.

गोधडीला कुठे वाकळ म्हणतात, कुठे लेवा, कुठे कथरी. नाव कोणतेही असो, रीत साधारण एकच. जुनी सुती लुगडी, धोतरे स्वच्छ धुवायची. दोन चांगली लुगडी वर आणि खाली, आणि मधे फाटक्या कापडाचे थर. जिथे कापड विरले असेल तिथे दुसरा तुकडा लावायचा. मग चारही बाजूंनी कडा दुमडून टाके घालायला सुरुवात करायची आणि फेर घेत घेत कडेकडून मध्याकडे जायचे. साधा धावदोरा. पण टाका सारखा पडला पाहिजे आणि थर एकमेकांवरून सरकता कामा नयेत. थर नीट बसले की कापडांच्या मधे हवा अडकून राहते आणि तीच थंडीत ऊब धरते. म्हणून चार जुन्या लुगड्यांची गोधडी एका नव्या चादरीपेक्षा गरम लागते.

हे काम व्हायचे उन्हाळ्यात. आमच्याकडे बायकांचे वर्ष कामांनी भरलेले असते. पावसाळ्यात पऱ्हे काढणे आणि रोवणी, मग निंदण, मग कापणी, बांधणी, चुरणी. शेतीचे काम नसेल तेव्हा बिड्या वळणे. हजार बिड्यांच्या हिशेबाने मजुरी. चैत्र-वैशाखात पहाटे उठून जंगलात तेंदूपत्ता तोडायला जायचे, घरी येऊन सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि ती फळीवर द्यायची. त्यातून दुपारचे जे दोन-तीन तास मिळत, त्यात माय गोधडी घेऊन बसायची. एका गोधडीला एक उन्हाळा लागायचा. अकरा गोधड्या म्हणजे अकरा उन्हाळे! या कामाची मजुरी कोणी धरली नाही. तिनेही धरली नाही.

"ही तुह्या बाबाची," एका खाकी-पांढऱ्या गोधडीवर हात ठेवून ती म्हणाली. बाबा गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिने त्यांची धोतरे, दोन सदरे आणि रखवालदारीची खाकी पँट उसवून ती शिवली होती. खिसा होता तिथले कापड गडद राहिले आहे, बाकीचे उन्हाने फिके झाले आहे. खिशाचा चौकोन अजून ओळखू येतो.

एका गोधडीत आमचे शाळेचे पांढरे-निळे गणवेश आहेत. एक गोधडी सगळी नायलॉनच्या पातळांची आहे. तिच्याकडे पाहून माय हसली. "हे काई जमलं नाई." बाजारात नायलॉन, टेरिलीनची पातळे आली, धुवायला सोपी, वाळायला सोपी, म्हणून बायकांनी ती हौसेने घेतली. पण ती जुनी झाल्यावर गोधडीच्या कामाची राहिली नाहीत. टाका त्यावर धरत नाही, थर सरकतात, घाम शोषला जात नाही. गोधड्या मागे पडल्या त्याला स्वस्त ब्लँकेट हे एक कारण आहेच. पण घरात जुने सुती लुगडेच उरले नाही, हेही तेवढेच मोठे कारण आहे.

मी विचारले, "माय, तुह्या एकाही गोधडीत निळं झेंड्याचं कापड नाई. विहारावरचे जुने झेंडे किती निघतात!"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "झेंडा पायाखाली येईन ना वं! थो नाई घालत."

कोणते कापड घ्यायचे आणि कोणते घ्यायचे नाही, याचाही तिचा विचार होता. शेजारच्या गावात कोणी श्रीमंत घरची बाई जुने कपडे देऊ करायची, तेही तिने कधी घेतले नाहीत. गोधडीत फक्त आपल्या घरचे, आपल्या कमाईचे कापड.

सगळ्यात खालून तिने एक जुनी, विरलेली गोधडी काढली. मधोमध हातभर पांढऱ्या लुगड्याचा तुकडा. तो पांढरा आता पिवळसर झाला आहे.

"हे आजीचं. दीक्षेचं."

१४ ऑक्टोबर १९५६. अशोक विजयादशमी. बाबासाहेबांनी लाखो लोकांसह नागपूरला धम्मदीक्षा घेतली तो दिवस. पांढरी वस्त्रे घालून या, असे सांगणे होते. नागपूरच्या दुकानांत त्या दिवसांत पांढरे कापड मिळेनासे झाले होते, असे जुनी माणसे सांगतात. आमची आजी गावच्या लोकांबरोबर पांढरे लुगडे नेसून गेली. भंडाऱ्यापासून नागपूर साठ किलोमीटरच्या आसपास. काही वाट बंडीने, काही पायी. दोन वर्षांपूर्वी, १९५४ साली, बाबासाहेब आमच्या भंडाऱ्यातूनच लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि पराभूत झाले होते. तो पराभव आजीच्या पिढीच्या मनाला फार लागला होता. नागपूरला जाताना ती सल प्रत्येकाच्या मनात होती.

माय तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिला नेले नाही. घरी तान्हा भाऊ होता, शेळ्या होत्या. "म्या बाबासाहेबाले पाह्यलं नाई. माह्या मायनं पाह्यलं. तिचं लुगडं हाय माह्याजवळ." माय एवढेच बोलली. तो तुकडा पहिली गोधडी फाटल्यावर दुसरीत गेला आणि दुसरी फाटल्यावर या तिसरीत आला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकत होती. या घरात येऊन तिला अठरा वर्षे झाली. तिलाही हे कोणी सांगितले नव्हते.

धानाच्या बांध्या आणि चीवर

त्या संध्याकाळी विहारात भन्तेजींची देसना झाली. कठिन म्हणजे काय, हे त्यांनी आधी समजावून सांगितले. चीवर शिवताना कापड ताणून धरण्यासाठी जी चौकट वापरीत तिला कठिन म्हणत. उपासकांनी दिलेले कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून चीवर तयार करायचे, अशी ही जुनी रीत आहे.

पुढे त्यांनी विनयपिटकाच्या महावग्गातली हकिकत सांगितली. तथागत राजगृहाहून दक्षिणागिरीकडे चारिकेला निघाले होते. वाटेत मगधाची शेते लागली. चौकोनी तुकडे, त्यांच्या ओळी, मधे बांध, आणि बांधाला बांध मिळतो तिथे चौफुल्या. तथागतांनी आनंदाला विचारले की, भिक्खूंसाठी असे चीवर करता येईल का? आनंदाने तुकडे कापून, जोडून तसे चीवर करून दाखवले आणि तथागतांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. तेव्हापासून आजपर्यंत भिक्खूचे चीवर अखंड कापडाचे नसते, तुकडे जोडलेले असते. कापलेल्या कापडाला चोराच्या लेखी किंमत नाही आणि श्रमणाला ते शोभते, हेही कारण विनयात दिले आहे.

मी पाहिले, माय कान देऊन ऐकत होती. मगधाची शेते तिने पाहिली नाहीत, पण बांधी आणि धुरा म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायला नको. जन्मभर ती त्यातच वाकली आहे.

भन्तेजींनी दुसरी गोष्ट चुल्लवग्गातली सांगितली. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला वाटले, हा श्रमण एवढ्या कापडाचे करणार काय? दुकान टाकणार? त्याने आनंदाला विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. त्या जुन्या झाल्या की जमिनीवरची अंथरुणे, मग पाय पुसायची फडकी, मग धूळ झटकायची फडकी. आणि तीही फाटली की त्यांचे तुकडे करून, चिखलात मळून जमीन सारवू. काहीही वाया जात नाही, हे ऐकून राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

माय माझ्या कानाशी लागून म्हणाली, "हे तं आपल्यासारखंच हाय."

खरेच तसे आहे. आमच्या घरी लुगडे जुने झाले की गोधडीत जायचे. गोधडी विरली की ती तणसावर अंथरायला. तिथे फाटली की थंडीत बैलाच्या पाठीवर. आणि शेवटचा तुकडा सारवणाच्या पोतेऱ्यात. विनयपिटक आमच्या आजीने वाचले नव्हते. पण वस्तूचा मान कसा राखायचा, ते तिला माहीत होते.

आमच्या जिल्ह्याला हे काही नवे नाही. पवनीला १९६९-७० साली झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले. ते दोन हजार वर्षांहून जुने आहेत. त्या काळी वैनगंगेकाठच्या त्या स्तूपांशी जे भिक्खू राहत, त्यांच्या अंगावरही जोडलेल्या तुकड्यांचेच चीवर असणार.

चिंधी कोणाची, ठिगळ कोणाचे?

तरीही वहिनीचा प्रश्न उरतोच. तो टाळून चालणार नाही. कारण आपल्या समाजाचा फाटक्या कापडाशी असलेला संबंध केवळ गरिबीचा नव्हता, तो सक्तीचा होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असे लिहिले आहे. गावोगाव मढ्यावरचे कापड हा महारांचा हक्क समजला जाई. असला कसला हक्क! तो हक्क सोडला, ते कापड नाकारले, हीच आपल्या माणूसपणाची एक पायरी होती. चिंधी पाहून ज्याला ते दिवस आठवतात, त्याला दोष कसा देणार?

पण बाबासाहेबांनी याबाबत नेमके काय सांगितले ते पाहू या. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या बायाबापड्यांपुढे वेगळे भाषण केले. लुगडे कसे नेसावे, अंगावरचे ओझ्यासारखे दागिने का टाकावेत, मुलींना का शिकवावे, हे त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यासारखे समजावून सांगितले. त्यात त्यांनी हेही सांगितले की, कपड्याला ठिगळे असली तर असू द्या, पण कपडा स्वच्छ ठेवा. ठिगळाची लाज धरू नका, असाच त्याचा अर्थ.

म्हणजे बाबासाहेबांनी फरक केला होता. दुसऱ्याने अंगावर फेकलेली चिंधी वेगळी. आणि आपण धुऊन, निवडून, आपल्या हाताने लावलेले ठिगळ वेगळे. पहिलीत अपमान आहे. दुसऱ्यात कष्ट आहेत आणि अब्रू आहे. तथागतांनीही टाकून दिलेल्या कापडाचे, पांसुकूल चीवर अंगावर घेतले होते. पण ते कोणी लादलेले नव्हते, स्वतः निवडलेले होते. माझ्या मायने परक्या घरचे जुने कपडे घेतले नाहीत, यातही हाच विचार होता. तिला तो भाषण करून सांगता आला नाही, एवढेच.

अलाबामातल्या बायका

आपल्यासारखेच दुःख भोगलेल्या दुसऱ्या एका समाजाची हकिकत इथे सांगावीशी वाटते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या निग्रो नेत्याला पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागवली होती. त्या काळ्या लोकांचे एक गाव अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर आहे. त्याचे नाव जीज बेंड. तिथले लोक कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांचे वंशज. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या आहेत. नकाशा नाही, आखणी नाही. जसा तुकडा हाती येईल तसा जोड.

१९४२ साली मिसूरी पेटवे नावाच्या तिथल्या बाईचा नवरा वारला. तिने त्याचे शेतात घालायचे कपडे घेऊन गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपता यावे म्हणून. तिच्या मुलीने पुढे ही हकिकत सांगितली. मी ती वाचली तेव्हा मला बाबांच्या खाकी पँटीचा खिसा आठवला. सात समुद्रांपलीकडे एका विधवा बाईने तेच केले, जे माझ्या मायने केले!

या गावाने मताच्या हक्कासाठी मोठी किंमत मोजली. काळे लोक मतदार यादीत नाव घालायला नदीपलीकडे जाऊ लागले तेव्हा, १९६२ साली, नदीवरची नावच बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग त्या गावी आले होते. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी गोधड्या शिवून विकण्यासाठी आपली सहकारी संस्था काढली, कारण मतदान केले म्हणून अनेकांची कामे आणि घरे गेली होती. २००२ साली जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली.

पण गोष्ट इथे संपत नाही. आपल्या कामाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून २००७ साली तिथल्या काही बायकांना न्यायालयात जावे लागले. पुढच्या वर्षी ते दावे मिटले. कौतुक झाले म्हणजे न्याय झाला असे नसते, हा यातला धडा आपण घ्यावा. आज पुण्या-मुंबईतही गोधडीला मागणी आली आहे. आपल्या भगिनी बचत गटातून हे काम करीत असतील तर अवश्य करावे. पण तास मोजावेत, मजुरी धरावी आणि गोधडीवर शिवणारीचे नाव असावे.

मायचे नाव

निघायच्या आदल्या रात्री मी वहिनीला हे सारे माझ्या परीने सांगितले. ती म्हणाली, "ताई, तुमचं खरं. पण पेटी ठेवायची कुठे, हे बाबासाहेबांनी सांगितलं नाही ना!" आम्ही सगळे हसलो. तिचेही खरेच होते. अकरा गोधड्यांचा भार रोज तिनेच उचलायचा, धुवायचा, आणि मी नागपुरात बसून आठवणी काढायच्या, हे काही बरोबर नाही.

मग आम्ही वाटण्या केल्या. आपल्याकडे वाटणी म्हटली की शेताची आणि भांड्यांची. गोधड्यांची वाटणी मी पहिल्यांदाच पाहिली. तीन गोधड्या मी आणल्या, दोन धाकट्या बहिणीला. नायलॉनची आणि अगदी विरलेल्या दोन बैलांसाठी गोठ्यात गेल्या, त्याला मायचीही ना नव्हती. बाकीच्या भावाकडे राहिल्या. बोहारीण आली आणि रिकाम्या हाताने गेली. दीक्षेच्या लुगड्याची गोधडी कोणी न्यायची यावर जरा ओढाताण झाली. ती वहिनीने मागून घेतली. "माझ्या मुलाला सांगायला पाहिजे ना," म्हणाली. मी ती हक्काने आणणार होते. पण दिली.

एक काम आणखी केले. मायने पुष्कळ उशिरा, साक्षरतेच्या वर्गात, आपले नाव लिहायला शिकले. बँकेच्या कागदावर ती अंगठा लावत नाही, सही करते. मी तिला म्हटले, गोधडीच्या कोपऱ्यात तुझे नाव शिव. "आता कोठं दिसते मले," म्हणाली. तरी बसली. वहिनीने पेन्सिलीने कापडावर अक्षरे काढून दिली आणि माय लाल दोऱ्याने त्यावरून टाके घालू लागली. बस यायच्या वेळेपर्यंत दोन अक्षरे झाली. उरलेली वहिनी तिच्याजवळ बसून पुरी करून घेणार आहे.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्या घरी अशा गोधड्या असतील. काही फेकण्याच्या लायकीच्याही असतील, त्या खुशाल फेका. पण फेकण्यापूर्वी आईजवळ, आजीजवळ एक दुपार बसा. कोणता तुकडा कोणाचा, कोणत्या सालचा, ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आपल्या आजींच्या पिढीतल्या फार थोड्या बायकांच्या हाती लेखणी आली. सुई मात्र बहुतेकींच्या हाती होती. त्यांनी जे ठेवले ते कापडात ठेवले. ते वाचून दाखवणाऱ्या आज आपल्यात आहेत, तोवरच ते लिहून घेता येईल.

मी माझी गोधडी आता चादरीच्या वर घालते.